पेंडसेकाकांचा 'टू'

दिल्लीत आर. के. पुरममध्ये आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये पेंडसेकाका राहायचे. कुणी इंग्रजीत आपला हुद्दा सांगितला, की काका नमस्काराआधी त्याचं अव्यय तपासत. "अकाउंटंट 'ऑफ' बँक? बँकेत बसता ना? मग 'ॲट' म्हणा!" केंद्र सरकारच्या कचेरीत मसुदे सुधारण्यात त्यांची हयात गेली होती. ते म्हणायचे, "'ॲट' म्हणजे कुठे बसता, 'ऑफ' म्हणजे काय सांभाळता आणि 'टू' म्हणजे कुणाची सेवा करता."

त्यांची सुनंदा माझी मैत्रीण. तिचं लग्न ठरलं आणि मुलाचे वडील, दिघेसाहेब, गाझियाबादहून इंग्रजी पत्रिकेचा मजकूर घेऊन आले. त्यांच्या नावाखाली लिहिलं होतं, 'डेप्युटी सेक्रेटरी ऑफ द गव्हर्नमेंट ऑफ इंडिया'. भरल्या बैठकीत काका म्हणाले, "इथे 'टू' हवं."

"'टू'ने मी सरकारचा नोकर वाटतो," दिघेसाहेब म्हणाले.

"आहातच की! मीही आहे."

दिघेसाहेब उठले. पोहे तसेच राहिले. पुढे कितीतरी दिवस त्यांच्याकडून निरोप नाही. काकूंनी बोलणंच टाकलं. सुनंदा माझ्याकडे येऊन रडायची, "बाबांना लग्नापेक्षा ग्रामर मोठं आहे, यार!" ते काकांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून ते एकटेच गाझियाबादच्या बसमध्ये बसले.

तिथे काय झालं, ते पुढे दिघेसाहेबांनीच हसत सांगितलं. काका दारातच हात जोडून म्हणाले, "चारचौघांत तुम्हाला टोकलं, ते बिल्कुल चुकलं. माझ्या हट्टाची शिक्षा पोरीला देऊ नका. शब्द मात्र 'टू'च आहे."

"अहो, माफी मागतानाही सोडत नाही तुम्ही!" दिघेसाहेबांना हसू आवरेना. त्यांनी काकांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. पत्रिका छापली गेली, ती 'टू' घालूनच.

निवृत्तीनंतर काकांनी गाझियाबादला व्याह्यांच्या शेजारीच घर घेतलं. संध्याकाळी दोघं फिरायला जात आणि परतताना हमखास भांडत येत.

काका गेले तेव्हा मी भेटायला गेले. दिघेसाहेब सकाळपासून ओट्यावर बसून होते. सुनंदाने चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. मला म्हणाले, "आयुष्यभर सगळे मला 'यस सर' म्हणाले. तोंडावर बोलणारा हा एकच मिळाला, तोही इतक्या उशिरा."