उत्तर साहेबांनी द्यायचं होतं

माझ्या धाकट्या भावाच्या विधवेला मी कॅमेऱ्यासमोर वेडी ठरवलं. हे आधी सांगतो. बाकीचं मग.

भाऊ सैन्यात ड्रायव्हर होता. डोंगरातल्या रस्त्यावर त्याची गाडी दरीत गेली. वर्ष झालं तेव्हा डोंबिवलीत आमच्या वस्तीजवळच्या चौकाला त्याचं नाव द्यायचं ठरलं. फ्लेक्सवर आमदारसाहेब कमरेपर्यंत, हात जोडलेले. भाऊ खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढा. मी साहेबांच्याच शाळेत क्लार्क. आम्ही उन्हात उभे. पाटी कापडाखाली. साहेब आले तेव्हा आईला चक्कर यायला लागली होती.

भावाच्या बायकोला, सुनीताला, स्टेजवर बोलावलं. साहेबांनी शाल दिली. तिने ती घडी न मोडता खुर्चीवर ठेवली आणि माइक धरला.

"साहेब, गाडीचे ब्रेक नीट लागत नाहीत असं हे मला फोनवर सांगायचे. तुम्ही घरी आलेलात. चौकशी लावतो, दिल्लीत स्वतः बोलतो म्हणालात. बोललात का?"

हो किंवा नाही. एवढंच.

साहेब हसले. "ताई दुःखात आहेत. आपण समजून घेऊ." त्यांनी हात केला. स्पीकरवर देशभक्तीचं गाणं लागलं.

कुणीतरी शूटिंग केलेलं. संध्याकाळपर्यंत ते घराघरात पोचलं. मला साहेबांच्या ऑफिसातून बोलावणं आलं. साहेब नव्हते. त्यांचा पीए होता.

"काय रे, तुमच्यातल्या किती जणांच्या नावाचे चौक आहेत इथे? साहेबांनी दिला. आणि ही बाई माइकवर तोंड चालवते?"

तुमच्यातल्या. आम्ही बौद्ध. हा शब्द मी शाळेत ऐकला, पहिल्या नोकरीत ऐकला. त्या दिवशीही मान खालीच.

"साहेब काही बोलणार नाहीत का?" मी विचारलं.

"साहेबांनी कशाला बोलायचं? घरातला माणूस बोलला की विषय संपतो. नोकरी ठीक चाललीय ना?"

त्याने कपाटातून शाल काढली. सुनीताने खुर्चीवर ठेवलेली, तीच. माझ्या खांद्यावर टाकली, मोबाइल समोर धरला. मी बोललो. सुनीताची मनःस्थिती ठीक नाही. तिला कुणीतरी भडकवलंय. साहेब आमच्या पाठीशी आहेत.

"मस्त," तो म्हणाला. चहा आला. मी प्यायलो. काहीच वाटलं नाही. शाल अंगावर तशीच घेऊन घरी आलो.

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. सुनीता मुलीला घेऊन शहाडला माहेरी गेली. जाताना भांडली असती तर बरं झालं असतं. व्हिडिओखाली लोक लिहीत होते, बाईला आवरा. दीर किती समजूतदार आहे. मी वाचत राहायचो. सकाळी मस्टर उघडायचो, सह्या घ्यायचो, जेवायचो. आत बधिर.

शेवटी शहाडला गेलो. ती मेथी निवडत होती. मी म्हटलं, चुकलो.

"दादा, माफी स्वयंपाकघरात मागताय. माझी अक्कल मात्र अख्ख्या गावासमोर काढलीत." तिने जुडी संपवली, दुसरी ओढली. "आणि माफीचं मी काय करू? मला उत्तर हवंय."

मी उठलो. बसच्या थांब्यावर माझा तो व्हिडिओ पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिला.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन. आभार मानायचं काम दरवर्षी माझं. सुनीताला आणि आईला मी बोलावलेलं. त्या फाटकाजवळ उभ्या होत्या. साहेब भाषणात म्हणाले, जवानांच्या कुटुंबांसाठी माझं दार कायम उघडं आहे. टाळ्या पडल्या.

मी माइकपाशी गेलो. पिशवीतून शाल काढून साहेबांसमोर टेबलावर ठेवली. खालून पीए मान हलवत होता, नको, नको. नोकरी जाणार, हे कळत होतं. जाऊ दे.

"सुनीता, तुझं डोकं ठिकाणावर होतं. भेकड मी होतो. नोकरीसाठी तुझ्याबद्दल खोटं बोललो. माझं चुकलं, मला माफ कर. साहेब, तिने तुम्हाला विचारलेलं आणि मी मध्ये येऊन उभा राहिलो. आता बाजूला होतोय. सांगा, दिल्लीत बोललात का?"