रसाच्या टाकीवरचा नारळ

छगनचं बस्तान गव्हाणीच्या ओट्यावर. गव्हाणीत टाकलेला ऊस पट्ट्यावरून चरकाकडे जायचा आणि तो पट्टा चालवायचा दांडा छगनच्या हातात. पलीकडे रसाची टाकी भरत आली की तिथला श्रीमंत लोखंडी पट्टीवर टोला हाणायचा. इकडे छगन दांडा ओढून पट्टा थांबवायचा. टाकी उतरली की पुन्हा टोला, पुन्हा पट्टा सुरू. एवढ्या मोठ्या साखर कारखान्याची दोन टोकं या दोघांनी जोडून धरलेली. आणि ऐट काय विचारता! जेवायला बसला तरी छगनचा एक कान टोल्याकडे. त्याची बायको मुक्ताबाई म्हणायची, "माजी हाक न्हाई ऐकू येत, टोला बरा ऐकू येतो!"

बहात्तरच्या दुष्काळात, गाळप सुरू व्हायच्या आधी, राधाकृष्ण नावाचे नवे इंजिनिअर आले. त्यांनी टाकीत एक पोकळ गोळा तरंगत सोडला आणि तारेने बाहेरच्या एका वजनाला जोडला. रस चढला की गोळा चढणार, वजन खाली येऊन बटण दाबणार आणि पट्टा आपोआप थांबणार. ना टोला, ना दांडा. श्रीमंतची बदली गोदामात झाली. छगनला साहेब म्हणाले, "हे नीट चाललं की तुम्ही यार्डात. गाड्यांची रांग लावायची."

छगनच्या काळजात चर्र झालं. रांग काय, कुणीही लावील हो! त्या यंत्राला त्याने शिव्यांची लाखोली वाहिली. पण गव्हाणीत पहिली मोळी टाकायच्या दिवशी, पूजेच्या सकाळी, त्याचं त्यालाच वाईट वाटलं. लोखंड झालं तरी कारखान्याचंच की! मुक्ताबाईने ओवलेली झेंडूची जाडजूड माळ घेऊन तो टाकीपाशी गेला, वजनाला हळदकुंकू लावलं, माळ गुंडाळली, वर फडक्यात एक नारळही बांधला आणि मनापासून पाया पडला.

झालं! मोळी पडली, टाळ्या झाल्या आणि पट्टा जागचा हलेना. साहेबांनी फ्यूज बघितले, तारा बघितल्या, मोटार बघितली. घामाघूम झाले बिचारे. टाकीपाशीही जाऊन आले, पण पुजलेल्या वस्तूला हात कोण लावणार? बाहेर उसाच्या बैलगाड्या उन्हात खोळंबल्या. शेवटी चेअरमन तडकले, "उद्या काढून टाका ती यंत्राची थेरं! छगनराव, धरा तुमचा दांडा."

साहेबांनी खटका पाडून यंत्र बंद केलं, छगनने दांडा ओढला, पट्टा सुरू झाला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. काय सांगावं, त्याला आभाळ ठेंगणं झालं! थोड्या वेळाने मात्र पंचाईत झाली. टोला द्यायला श्रीमंत नव्हता, म्हणून छगनच पट्टा थांबवून रस बघायला टाकीवर चढला. टाकीत रस होता तळाला. आणि वजन? नारळासकट पार खाली, बटणावर टेकलेलं.

आसपास चिटपाखरू नव्हतं. गप्प राहिलं की दांडा जन्माचा आपला. पण टाकीच्या पायथ्याशी साहेब मान खाली घालून आपली हत्यारं पिशवीत भरत होते. त्यांच्याकडे बघून छगनला फार वाईट वाटलं, स्वतःची चीडही आली. त्याने माळ आणि नारळ सोडला आणि तसाच खाली उतरला.

"सायेब, यंतरात खोट न्हाई. म्याच त्याच्या गळ्यात लोढणं बांधलं हुतं."

साहेबांनी तो नारळ हातात तोलून पाहिला. "छगनराव, बोलला नसतात तर कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं हुतं की."

साहेबांनी यंत्राचा खटका पुन्हा वर ओढला. पट्टा चालला. टाकी भरली तसा आपला आपण थांबला, उतरली तसा सुरू झाला. लोक बघत राहिले. दर वेळी छगनचा हात दांड्याकडे जायचा आणि अर्ध्यातून मागे यायचा. मग त्याला रडूच फुटलं. धोतराच्या सोग्याने डोळे पुसून तो साहेबांपुढे उभा राहिला.

"यार्डात आत्ताच जाऊ, का पाळी संपल्यावर?"