अकरा करडे कोट

चूक भाच्याची होती, आणि ती त्यानं तीन कॉलमांत, ठळक मथळा देऊन छापली होती.

भाचा एका आठ पानी साप्ताहिकात कामाला होता. सिनेमावर लिहिणारे मास्तर पाय मोडून घरी बसले तेव्हा संपादक त्याला म्हणाले, "तू लिही." सिनेमातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण त्याला मामा होता.

मामा सव्वीस वर्षं लॉन्ड्रीत डाग काढत होता. मंगळवारी लॉन्ड्री बंद असायची. त्या दिवशी तो दुपारच्या खेळाला जाऊन बसायचा, मुख्यतः गार हवेसाठी. पोस्टर न बघता तिकीट काढायचा, गाणं लागलं की झोपायचा आणि मारामारीच्या आवाजानं उठायचा. एवढ्याशा भांडवलावर त्याची मतं मात्र ठाम असायची.

एका गाजलेल्या खुनाच्या सिनेमाबद्दल तो म्हणाला, "खुनी म्हणे लई हुशार! अरे, रक्ताचा शर्ट गरम पाण्यात बुडवला त्यानं. रक्ताला गार पाणी लागतं. गरम पाण्यात डाग शिजतो, मग जन्मात जात नाही. शर्ट बघितला असता तर तिथेच सापडला असता गडी. इन्स्पेक्टर उगाच दोन तास गाडी पळवत बसला."

भुताच्या सिनेमाबद्दल: "बाई मरून तीस वर्षं झाली, राहते तळघरात, आणि गाऊन पांढराशुभ्र! ओल नाही, बुरशी नाही. मी कसला घाबरतोय? मला तिला विचारायचं होतं, बाई, धुवायला कुठं टाकता?"

आणि अख्खं थिएटर ज्यात हुंदके देत होतं त्या कौटुंबिक सिनेमाबद्दल: "बाप गेला त्याच रात्री थोरल्याच्या पँटीला कडक इस्त्री. ज्याला इस्त्री सुचते त्याला रडू कसलं येतंय?"

भाच्यानं हे सगळं 'लॉन्ड्रीतला प्रेक्षक' अशा नावानं जसंच्या तसं उतरवलं. लोक खूश झाले. मामाही अंक खिशात घालून फिरला, चारचौघांत सहज काढल्यासारखा काढला.

चौथ्या आठवड्यात बायकोला फसवणाऱ्या नवऱ्याचा सिनेमा लागला.

"बायकोला शेवटच्या दहा मिनिटांत कळतं," मामा चहा पिता पिता म्हणाला. "आम्हाला पहिल्या धुण्यात कळतं. आमच्याकडे येतो ना एक करडा कोट. कॉलरला एक अत्तर, बाहीला दुसरं. दोन वर्षं झाली. आपण बोलतो का? धुतो, घडी घालतो, देऊन टाकतो."

भाच्यानं तेही छापलं. नाव घातलं नव्हतं, त्यामुळे आपण फार जपून लिहिलं असं त्याला वाटत होतं.

करडे कोट गावात बरेच होते. शनिवारी चार माणसं आपापला कोट परत न्यायला आली. "ओला आहे," म्हटलं तर "ओलाच द्या," म्हणाली. दोन बायका काउंटरवर उभ्या राहून नवऱ्यांच्या बाह्या हुंगू लागल्या. आठवडा संपेपर्यंत अकरा कोट गेले. ज्याच्याबद्दल लिहिलं होतं तो बारावा मात्र नेहमीच्या वेळी आला, कोट टाकून गेला. तो साप्ताहिक वाचतच नव्हता.

मालकानं मामाला आत बोलावलं. "लोक आपल्याकडे घाण आणतात, का? तर आपण बघत नाही असं त्यांना वाटतं म्हणून."

"न बघता डाग निघेल कसा, मालक?"

"बघायचं, बोलायचं नाही. सव्वीस वर्षांनी हे मी तुला सांगायचं?"

सोमवारपासून मामा घरी बसला.

भाचा धावत मालकाकडे गेला. "लिहिलं मी, मामाचा काही दोष नाही."

"लिहिणारा हात तुझा, बोलणारं तोंड त्याचं," मालक म्हणाला. "हाताला मी पगार देत नव्हतो."

संपादकांकडे माफी छापा म्हणून गेला तर ते म्हणाले, "कसली माफी? एक अंक शिल्लक राहिला नाही! पुढचं मत आण."

मामी तेवढी तोंडावर बोलली. भाचा आला की त्याच्यापुढे कप आपटायची आणि नवऱ्याला म्हणायची, "अहो, जपून बोला हो. पाहुणे पेपरातले आहेत."

मामानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर भाच्याला रात्री झोप लागली असती. पलीकडच्या पेठेतल्या लॉन्ड्रीत मामा कामाचं विचारून आला. तिथे सगळं मशीनवर होतं, आणि काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "तुम्ही ते कोटवाले का?"

सिनेमाही सुटला. "सुट्टी असली की पिक्चर," तो म्हणाला. "सगळेच दिवस मंगळवार झाल्यावर काय बघायचं?"

महिन्याभरानं भाचा त्याला ओढूनच घेऊन गेला. भुताचाच नवा सिनेमा होता. खिडकीवर भाच्याच्या मोठ्या नोटेला सुटे मिळेनात. मागची रांग ओरडायला लागली. मामानं वरच्या खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या, मोजल्या आणि दोघांची तिकिटं काढली. भाच्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत पडद्यावर नायिकेच्या पांढऱ्या झग्यावर बादलीभर रक्त सांडलं. लोक किंचाळले. आता मामा कानाशी लागून काहीतरी पुटपुटेल म्हणून भाचा जरा कललाही. मामा समोर बघत होता. गाणं लागलं तरी तो झोपला नाही.

"कसा वाटला?" बाहेर आल्यावर भाच्यानं विचारलं.

"बरा होता."

"आणि तो झगा? रक्त शेवटपर्यंत लालभडक..."

"बरा होता म्हटलं ना."

भाच्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून नोट मोडून आणली आणि तिकिटांचे पैसे पुढे केले. "हे घे, मामा."

"राहू दे."

"अरे, निदान एवढं तरी घे."

"एवढं घेतलं की तुला वाटेल, फिटलं." मामानं त्याची मूठ हलकेच मिटवली आणि बसथांब्यावरून पुढे चालत निघाला. बसचे पैसे वाचवायची सवय त्याला गेल्या महिन्यातच लागली होती.