अठरा गिअर, दोन पाय

सायकलवरून पडल्यावर जे खरचटतं ते आठवड्यात भरून येतं. पडल्याची गोष्ट मात्र दर वर्षी थोडी थोडी वाढत जाते. माझं एक साधं घसरणं होतं, ते दत्ताच्या तोंडी आता तीस फूट दरी झालंय! म्हणून म्हटलं, आमच्या बाकीच्या गोष्टी तरी आणखी वाढायच्या आत आपणच सांगून टाकाव्यात.

आमची टोळी राजुरीची. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा सुरू झाली. मी गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. दत्ता माझा बालमित्र, ऊस आणि कांदा करणारा. विलासशेठचं आळेफाट्याला कापडाचं दुकान. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ चिडले की आमच्यापेक्षा अस्सल मराठीत चिडतात. आणि बाबूराव, सायकल दुरुस्तीवाले. ते आमच्याबरोबर एकदाही आले नाहीत. आमच्यावर हसायला मात्र एकही रविवार चुकवला नाही.

*

पहिली गिअरची सायकल मी पुण्याहून एसटीच्या टपावर टाकून आणली. स्टँडवर उतरवली तशी माणसं जमली. बाबूराव बाजारात बैल बघतात तसे तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले.

"मास्तर, गिअर किती?"

"अठरा."

"ट्रकला पाच-सहा असत्यात. त्यो धा टन वढतो. तुमी काय वढनार?"

मी म्हटलं, ही माउंटन बाइक आहे, डोंगरात चालवायची असते.

"आसंल. स्टँड कुठंय?"

"हिला नसतो."

"कॅरेज?"

"नसतं."

"मडगार्ड? चेनकव्हर?"

"ते पण नसतं, बाबूराव."

बाबूरावांनी पुण्याच्या रस्त्याकडं लांबवर बघितलं आणि काळजीनं विचारलं, "मग बाकीची सायकल मागल्या यष्टीनं येनार का?"

*

सायकलीचा मेंटेनन्स ज्याचा त्यानं करावा, असं मी एका इंग्रजी पुस्तकात वाचलं. पुस्तकातल्या फोटोत माणूस हसत होता आणि त्याचे हात स्वच्छ होते. तिथंच मला शंका यायला हवी होती.

मागच्या चाकाला फ्रीव्हील असतं. पायंडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं आणि कटकट वाजतं, ते त्याच्यामुळं. त्याच्या पोटात बारीक बारीक छर्रे असतात. मी ते खोललं. कुठं? स्वयंपाकघराच्या ओट्यावर! तिथं उजेड चांगला पडतो. शोभा, म्हणजे आमची बायको, बाजारात गेली होती.

झाकण फिरवलं मात्र, छर्रे चहूकडं उडाले. ओट्याखाली सापडले, फळीवर सापडले, माझ्या बनियनमध्ये सापडले. जेवढे सापडले तेवढे बसवले. चाक फिरलं! उरलेले छर्रे कंपनीनं जास्तीचेच टाकले असावेत, असा निष्कर्ष मी काढला. विज्ञानाचा शिक्षक ना मी!

दुसऱ्या दिवशी एकादशी. सासरे आले होते. शोभानं साबुदाण्याची खिचडी केली. दुसऱ्या की तिसऱ्या घासाला 'कट्ट' असा आवाज झाला. सासऱ्यांनी तोंडातून एक चकचकीत दाणा काढला, खिडकीच्या उजेडात धरून नीट पाहिला, आणि ताटाच्या कडेला ठेवत म्हणाले, "जावईबापू, साबुदाना भिजायला आजून टाइम पायजे व्हता."

माझं ते इंग्रजी पुस्तक दोन दिवसांनी अंघोळीच्या बंबाशेजारी सापडलं, अर्धं जळालेलं. खोलायचं प्रकरण शाबूत होतं, नेमकं जोडायचं जळून गेलं होतं. त्यानंतर मी बरीच वर्षं फक्त खोलत राहिलो.

*

आमच्याकडं बिनकामाचं कुणी कुठं जात नाही. सायकलवर तर नाहीच नाही. हे आम्हाला लोणीत कळलं.

सकाळी सात-साडेसातची वेळ. दत्ता, मी आणि विलासशेठ, तिघं घामाघूम होऊन गावात शिरलो. पहिल्याच घरापुढं एक म्हातारी अंगण झाडत होती. आम्हाला बघितलं आणि तिच्या हातातला खराटाच गळाला. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "कोन गेलं रं? कोन गेलं?"

आम्हाला काही कळेना. मग दत्ताच्या डोक्यात प्रकाश पडला. एवढ्या सकाळी, एवढ्या जोरात, परगावची माणसं सायकल हाणत येतात ती मयताचा सांगावा घेऊनच!

"आजी, कुनी न्हाई गेलं. समदी बरी हायेत."

"खरं सांग, लेकरा. आमच्या बेल्ह्याच्या आक्काचं का?"

"नाय आजी, शपथ! आमी आसंच आलोय."

"आसंच?" म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. माणूस मेलं नाही याचा आनंद होता, पण आता तिला आमचा राग यायला लागला होता. "राजुरीवरनं? आसंच? मग येवढं ऊर फुटस्तवर कशापायी आला?"

शेठनं समजावलं, "आजी, व्यायाम होतो. घरी गेल्यावर चांगली भूक लागते."

म्हातारी त्यांच्याकडं बघतच राहिली. मग खाली वाकून तिनं खराटा उचलला.

"आमच्याकडं मेली हितंच लागती," ती म्हणाली. "कुठं जावं लागत न्हाई."

*

दत्ता मेंटेनन्सच्या बाबतीत माझ्या उलट. पुस्तक नाही, पाना नाही, काही नाही. त्याचं एकच औषध, ट्रॅक्टरचं ग्रीस. चेन वाजली, ग्रीस. सीट वाजली, ग्रीस. एकदा हँडलच्या मुठींना ग्रीस लावून वर म्हणतो, "हात कसं मऊ ऱ्हात्यात!"

एका रविवारी आम्ही आणे घाट चढून वर गेलो आणि परत उतरायला लागलो. पहिल्या वळणापर्यंत दत्ता आमच्याबरोबर होता. दुसऱ्या वळणाला तो पुढं होता. तिसऱ्या वळणाला त्यानं एसटीला ओव्हरटेक केलं! ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून काय म्हटलं ते मी इथं लिहीत नाही.

आम्हाला वाटलं, मस्ती करतोय. पण वाऱ्यावर त्याचा आवाज आला, "आयंऽऽ!" मस्ती करणारा माणूस आईला बोलवत नाही.

मी आणि शेठ जमेल तेवढ्या वेगानं खाली निघालो. प्रत्येक वळणावर आधी दरीत बघायचं, मग रस्त्यावर. एका वळणावर त्याची एक चप्पल सापडली. शेठनं ती उचलून पिशवीत ठेवली. माझ्या डोळ्यापुढं दत्ताची बायको आणि तिला काय सांगायचं, एवढंच होतं.

खाली घाट संपतो तिथं चहाची टपरी होती. बाकड्यावर दत्ता बसलेला! एक पाय अनवाणी, हातात कप. अर्धा चहा पँटवर सांडला होता. पुढचा चढ लागला म्हणून सायकल आपोआप थांबली होती.

"अरे काय झालं? ब्रेक तुटले?"

"तुटत्यात कशाला? काल रात्री ब्रेकच्या रबराला ग्रीस मारलं." त्यानं उरलेला चहा एका दमात संपवला. "पन किरकिर गेली बरं का, राव. पार गेली!"

*

एकदा पुण्याची मंडळी आली. नाणेघाटाला निघालेली, परदेशी सायकली, कपडे असे चापूनचोपून की बघणाऱ्यालाच श्वास घ्यायला त्रास व्हावा. त्यातल्या एकाचं चाक खड्ड्यात आपटून वाकडं झालं होतं. बाबूराव तारा पिळून चाक सरळ करत बसले आणि तो पाहुणा कंबरेवर हात ठेवून माहिती देत राहिला. फ्रेम खास धातूची आहे. सीटची नळी बदलली, शंभर ग्रॅम वाचले. हँडल बदललं, आणखी शंभर वाचले.

बाबूरावांनी चाक फिरवून बघितलं. मग पाहुण्याच्या पोटाकडं बघितलं.

"पावणं, तिला किती वाळवता? आता थोडं तुमी बी मनावर घ्या की!"

*

तालुक्यात पहिलं सायकलचं हेल्मेट आलं ते विलासशेठचं. पिवळंधमक! शिवाय शेठला हिशेबी माणसाची सवय. कुठं किती चढ, कुठं ओढा, कुठं काटे, सगळं खिशातल्या डायरीत लिहायचे.

आण्याच्या पठारावर एका वाडीला जाणारी एक वाट होती. काय वाट होती! दगडगोटे, दोन ओढे, बाभळीचे काटे, मधेच सरळ उभा खडक. माउंटन बाइकवाल्याला याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे? आमचा तो देव्हारा होता.

एकदा शेठ त्या वाटेवर थांबून डायरीत लिहीत होते. पिवळी टोपी, हातात डायरी, रस्त्याकडं टक लावून बघणं. वाडीतली माणसं धावत आली.

"साहेब, रस्ता कवा व्हनार?"

शेठना नाही म्हणता येत नाही. दुकानदाराची जात, गिऱ्हाईक मोडत नाहीत. "बघू या," ते म्हणाले.

एवढं गोड बोलणारा सरकारी माणूस कुणी कधी बघितला होता का? पण गरज असली की माणूस विश्वास ठेवतो. घोंगडी अंथरली, चहा झाला. एका बाईनं सांगितलं, पावसाळ्यात सुनेला बाळंतपणाला न्यायचं तर झोळी करावी लागते. शेठनं मान खाली घालून तेही डायरीत लिहिलं.

कुणाचा काही संबंध नाही, पण पुढच्या उन्हाळ्याच्या आत तो रस्ता झाला! बहुतेक निवडणुका जवळ आल्या असाव्यात. वाडीचा माणूस पिवळ्या टोपीवाल्या साहेबांना शोधत बोलवायला आला. शेठ आम्हालाही घेऊन गेले. शाल, फेटा, हलगी. शेठ कळवळून सांगतायत, "अहो, मी कापडवाला आहे हो! मी काही केलं नाही!"

सरपंच डोळ्यांत पाणी आणून लोकांना म्हणाले, "बघा. आसा मोठेपना पायजे. नाव सुदिक घेऊ देत न्हाईत!"

शेवटी नारळ शेठनीच फोडला. बाळंतपणाच्या झोळीवाली ती बाई त्यांच्या पाया पडायला आली, तेव्हा मात्र शेठचा चेहरा बघवत नव्हता.

परत निघालो. रस्ता असा गुळगुळीत की पायंडल मारायचीही गरज नाही. दगड नाही, काटा नाही, दोन्ही ओढ्यांवर मोऱ्या. फाट्यापाशी शेठनं फेटा सोडून पिशवीत कोंबला आणि मागं वळून बघितलं.

"चांगलंच झालं म्हणा," ते म्हणाले. "पण इतका सुंदर खराब रस्ता होता, राव!"

*

नाना आमच्यात सगळ्यांत उशिरा आले. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले आणि पोराची पडून राहिलेली सायकल घेऊन रविवारी हजर! गळ्यात शिट्टी. ते सगळ्यांच्या मागं राहायचे आणि तिथून आमची गाडी चालवायचे. एक शिट्टी, थांबा. दोन शिट्ट्या, चला. आम्ही कुणीच ऐकायचो नाही. नानांना त्याचं काही वाटायचं नाही. आयुष्यभर लोकांनी तरी कुठं ऐकलं होतं?

हिवाळ्यातली सकाळ होती. ऊन नुकतंच आलं होतं. कालव्याच्या कच्च्या रस्त्यानं आम्ही चौघं निघालो होतो, दोन्ही बाजूला उभा ऊस. बिबट्यांचे दिवस होते, पण 'आपल्याला दिसत नसतो' अशी प्रत्येकाची खात्री असते.

दत्ता पुढं होता. तो एकदम थांबला. ब्रेक चांगले असावेत त्या दिवशी. आम्ही त्याच्यावर जाऊन आदळलो.

उसातून बिबट्या बाहेर आला होता. वीसेक पावलांवर. रस्त्याच्या मधोमध. आणि तो आमच्याकडंच चालत येत होता, घाई नाही, गडबड नाही.

"पळायचं न्हाई," दत्ता ओठ न हलवता म्हणाला. "पळालं की आलाच."

पळणार कोण? माझा एक पाय पायंडलच्या पट्ट्यात अडकला होता. शेठ डोळे मिटून नवकार मंत्र म्हणत होते. पंधरा पावलं राहिली. मला त्याच्या मिशा दिसत होत्या.

तेवढ्यात मागून शिट्टी वाजली. एक.

बिबट्या थांबला.

नुसता थांबला नाही, खाली बसला! मागचे पाय मुडपून, शेपटी पुढं घेऊन, रस्त्याच्या मधोमध. आणि आमच्याकडं बघत राहिला.

आम्ही त्याच्याकडं, तो आमच्याकडं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. उसाची पानं सळसळत होती, तेवढाच आवाज. शेठनी एक डोळा उघडला आणि मान न वळवता पुटपुटले, "नाना, डबल मारा."

नानांचे ओठ कोरडे पडले होते. पहिल्यांदा नुसती हवा गेली. त्यांनी जीभ फिरवली, दम घेतला आणि दोन शिट्ट्या मारल्या.

बिबट्या उठला. त्यानं सावकाश आळस दिला, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या उसात निघून गेला.

आम्ही तिघं सायकली धरून रस्ता अडवून तिथंच उभे. नानांनी शिट्टी शर्टाला पुसली, पुन्हा गळ्यात सोडली आणि आमच्याकडं वैतागून बघत म्हणाले, "चला, पुढं सरका. पुढं सरका!"