तीन वर्षांत लावलेले दिवे

प्रयोगशाळेत वह्या दोन असाव्यात, असं माझं मत आहे. एकीत प्रयोग लिहायचे, दुसरीत प्रयोग करताना जे घडलं ते. आमची पहिली वही कोरडीठाक. दुसरी कुणी लिहिलीच नाही, म्हणून तोंडीच सांगतो!

मोबाईलवर इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, तो काळ. गाव जयपूर. माझ्या पीएच.डी.च्या गाईड वझलवार मॅडम, मूळच्या नागपूरच्या. आम्ही काचेवर एका सेंद्रिय रसायनाचा पातळ थर द्यायचो आणि त्याला बॅटरी जोडायचो. थर उजळला पाहिजे, एवढंच काम! पण धुळीचा एक कण पडला तरी थराला भोक पडे आणि खेळ खलास. जयपुरात धुळीला काय तोटा!

आमचे अटेंडंट प्रकाशजी, पन्नाशीचे. प्रताप नगरहून यायचे, अकराशिवाय उगवायचे नाहीत, आणि आले की आधी जोरात झाडू मारायचे. मॅडम रोज दारातूनच विचारायच्या, "प्रकाश आला का रे?" माणसाबद्दल विचारतायत की दिव्याबद्दल, कळायचं नाही. उत्तर मात्र एकच, "नाही, मॅडम!"

रंग उडवायचे काही प्रयोग आम्ही गच्चीवर उन्हात ठेवायचो. एक बाटली उघडी, दुसरी फॉइलमध्ये गुंडाळलेली, म्हणजे उन्हाने काय फरक पडतो ते कळावं. एकदा दोन्ही बाटल्यांचं उत्तर तंतोतंत एकच आलं! मॅडम चक्रावल्या. दुसऱ्या दिवशी मी टाकीमागे लपून बसलो. माकड आलं. उघड्या बाटलीकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. दुसरीचं फॉइल सोललं, आत पराठा नाही म्हणून वैतागलं आणि फॉइल घेऊन गेलं.

मॅडमना सांगितलं, तर म्हणाल्या, "मग आता बाजूला एक पराठा पण ठेवत जा नं बापा!"

एकदा सांगानेरचे, कापड रंगवणारे एक रंगारी मॅडमकडे आले. उन्हात न उडणारा रंग त्यांना हवा होता. नेमका त्याच वेळी आमचा जांभळा रंग उन्हात उडून पांढरा पडला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. रंगारी बघतच राहिले.

"मैडमजी, हमारा रंग उड़े तो गाहक गाली देता है. आपके यहाँ ताली बजती है?"

घरी वेगळीच तऱ्हा. बाबा विमा कंपनीत, बदली होऊन इथल्याच दुर्गापुऱ्यात स्थिरावलेले. रविवारी जेवताना त्यांचा ठरलेला प्रश्न, "तीन वर्षं काय दिवे लावलेस?" जयपुरात वाढलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला यातली मेख कुठून कळणार! ती माझी बाजू घेऊन म्हणाली, "बाबा, दादा दिवेच तर लावतो ना! मतलब, अजून एक पण लागला नाही."

मग प्रोजेक्टचा आढावा आला, तोही दिल्लीत. तोपर्यंत दिवा लागला नाही तर प्रोजेक्ट बंद, आणि प्रोजेक्टवरच नेमलेल्या प्रकाशजींची नोकरीही बंद. मला धास्ती माझ्या पीएच.डी.ची होतीच, पण त्यांच्या दोन मुली कॉलेजात शिकत होत्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. निघताना मॅडमनी बजावलं, "मी आत जायच्या आधी फोन कर!"

आढाव्याच्या दिवशी प्रकाशजी सकाळी सातलाच हजर! झाडू मारून झाला होता, आणि ते धूळ खाली बसायची वाट बघत स्टुलावर बसले होते. मी थर दिला, वाळवला, बॅटरी जोडली. दोघांनी एकाच काळ्या कापडाखाली डोकी घातली.

हिरवा उजेड! नखाएवढा, पण विझेना! प्रकाशजींनी माझा हात इतका घट्ट धरला की मला फोन लावता येईना. शेवटी डाव्या हाताने लावला.

"मॅडम, प्रकाश आला!" मी ओरडलो.

"आत्ता? साडेअकराला?" मॅडम कडाडल्या. "आजच्या दिवशी तरी लवकर यायचं नं! दे त्याला फोन!"

प्रकाशजींनी डोळे पुसले आणि फोन घेतला.

"मैडमजी, मैं तो सात बजे का आया हुआ हूँ. अभी तो वो दूसरा वाला आया है!"