रुखवताचा ओला माठ

ॲक्रिलिक रंग वाळायला किती वेळ लागतो, या प्रश्नावर माझ्या चुलत बहिणीचं लग्न अडता अडता राहिलं. खरंच अडलं असतं की नाही हे आता छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण काकूचा चेहरा त्या वेळी पांढराफटक पडला होता हे नक्की.

ही चुलत बहीण म्हणजे अक्का. दहावीला दोनदा आपटलेली. केडगावच्या आसपासची दोन स्थळं तेवढ्यावरून परत गेली होती. तिसरं शिक्रापूरचं आलं, तेव्हा काकूने शहाणपणा केला. शिक्षणाचा विषय निघायच्या आतच तिने पाहुण्यांना सांगून टाकलं, "आमची पोरगी पेंटिंगात लई हुशार हाय. रुखवत समदं सवताच्या हातानं करणार हाय."

अक्काने चहाचा ट्रे धरल्या धरल्या माझ्याकडे बघितलं. तिला धड सरळ रेघ ओढता येत नव्हती. दौंडला एका बाईंच्या क्लासला जाऊन पेंटिंग शिकत होते ती मी.

नव्वदीची शेवटची वर्षं ती. गावोगाव पॉट पेंटिंगची साथ आली होती. ज्या घरात लग्न, त्या घरातल्या माठाला, सुपाला, नारळाला, काहीच नाही मिळालं तर सरबताच्या बाटलीला रंग लागायचाच. बाईंनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं: हा पाण्यातला रंग, पाणी उडालं की वाळला. पातळ हात मारला तर चहा पिऊन होईस्तोवर कोरडा. पण जाड थर दिलात तर वरून साय धरते आणि आतून दोन-दोन दिवस ओला राहतो. उन्हात तर मुळीच ठेवायचा नाही, साय आणखी लवकर धरते. हे सगळं मी अक्काला तज्ज्ञाच्या थाटात ऐकवायचे. ती गोठ्यातून हात धुऊन यायची, शेजारी बसायची आणि प्रत्येक पाकळीला बोट लावायची.

"वाळलं का गं?"

पाकळीवर तिच्या बोटाचा ठसा. मी चिडून पुन्हा रंगवायचे. शेवटी तिच्या हातात सूप दिलं आणि नुसता वारा घाल म्हणून सांगितलं. ते तिने मनापासून केलं.

रुखवतातला मानाचा नग म्हणजे मोठा माठ. त्यावर मी मेंदीच्या असतो तशा कोनातून रंग पिळून उठावाचे गुलाब काढले होते, लोण्याच्या गोळ्यासारखे जाड. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ते पुरे झाले. मी जेवायला बसले तेवढ्यात काकूने माठ उचलून गच्चीवर, कुरडयांच्या शेजारी, भर उन्हात नेऊन ठेवला. संध्याकाळी नखाने टकटक वाजवून म्हणाली, "बघ, खणखणीत वाळला."

"काकू, वरनंच वाळलाय गं. आतनं ओला असंल."

"हाताला लागतंय का कुठं?"

कुरडईची एक काडी मऊ लागली तर डब्याला झाकण लावू न देणारी ही बाई, पण माठाच्या बाबतीत ऐकेल तर शपथ. पेपरात घट्ट गुंडाळून, वरून सुतळी आवळून माठ टेम्पोत चढला. मे महिना, वर ताडपत्री आणि खाली खड्डे.

शिक्रापूरच्या कार्यालयात सुतळी सोडली, तर पेपर निघेना. ओढला तशी गुलाबांची साय कागदाबरोबर आली आणि सगळ्यात मोठ्या गुलाबावर उलट्या अक्षरांत कांद्याचे बाजारभाव उमटलेले दिसले. काकूने घाईघाईने माठ मागे सारला आणि पुढे लाडवांचं ताट लावलं.

नवरदेवाच्या आत्या रुखवत बघायला आल्या. त्या घरात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही, हे आम्हाला आधीच कळलं होतं. त्यांनी लाडवांकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ मागे हात घालून माठच पुढे ओढला.

"अगंबाई, ह्येच्यावर कांद्याचा भाव बी हाय की!" बायका खदखदून हसल्या. आत्या अक्काकडे वळल्या. "नवरीनं सवता केलंय म्हनं. मग सांग की गं, ह्यो रंग वाळायला किती येळ लागतो?"

सोपा प्रश्न होता. अक्काने उत्तर शंभरदा ऐकलेलं. मी आत्यांच्या पाठीमागून दोन दिवस म्हणून दोन बोटं नाचवत होते. अक्काने ती बघितली. काकूने डोळे मिटून घेतले.

"मला न्हाई ठावं, आत्या. ह्ये समदं हिनं केलंय. मी नुसता वारा घातला."

मला अक्काचा असा राग आला की तिला तिथंच चिमटा काढावा.

"मंग तुला येतं तरी काय?" आत्यांनी विचारलं. आवाज काही गोड नव्हता.

"गुरांचं येतं. धार काढती. वासरू अडलं तर सोडवती."

"आन् गाय मारकी असंल तर?"

"मारकी गाय आधी भ्यालेली असती, आत्या. तिला येळ द्यावा लागतो."

आत्यांनी माठ खाली ठेवला. मग भर कार्यालयात नऊवारी वीतभर वर उचलून त्यांनी नडगीवरचा काळानिळा डाग दाखवला. "आमची तांबडी. व्याल्यापासनं कुनाला जवळ यिऊ दीना. उद्या सकाळी गोठ्यात चल माझ्यासंगं." एवढं बोलून त्या लाडवांकडे वळल्या.

माझा राग कुठल्या कुठे गेला. अक्का आता आमची राहिली नाही, हे त्या क्षणी कळलं. काकू तर खांबाला धरून हमसून हमसून रडायला लागली. अजून अक्षता पडायच्या होत्या. मी म्हटलं, "काकू, पाठवणीला येळ हाय अजून. आत्ताच काय रडतीस?"

"तीन-तीन स्थळं आली," काकू पदराने डोळे पुसत म्हणाली, "पर माझ्या पोरीला काय येतं, ह्ये कुनी इचारलंच न्हवतं गं. आन् मी बी कवा सांगितलं न्हाई."