चारशे नळांची ऑर्डर

शेजारणी म्हणत, काकूंकडे वाटीभर साखर मागायला जावं, तर त्या शांतपणे विचारतात, "मीठ ना?" बिचाऱ्या कानानं अधू असाव्यात, यावर जिन्यातल्या सगळ्या घरांचं एकमत होतं. समोरच्या दारातली शिंपीण तर त्यांच्याशी बोलताना आवाज चढवूनच बोले.

खरी गोष्ट वेगळी होती. नळ आणि पाइपांच्या एका घाऊक पेढीत काकू सव्वीस वर्षं फोनवर ऑर्डरी घेत होत्या, आणि तिथली सवय जिभेवर बसली होती. दुकानदार गिऱ्हाइकांच्या गर्दीतून माल सांगे. काकू लिहून घेत आणि परत वाचून दाखवताना एक चूक मुद्दाम पेरत. अर्धा इंचीचं पाऊण इंची करत. समोरचा "अहो, अर्धा!" म्हणून खेकसला, की ऑर्डर पक्की. "हो हो" म्हणाला, की त्याचं चित्त थाऱ्यावर नाही असं समजून त्या कागद बाजूला ठेवत आणि दुपारी पुन्हा फोन लावत.

पुढे दुकानदार मोबाइलवरूनच माल मागवू लागले. फोनच्या टेबलावरच्या सहा जणींच्या दोन झाल्या आणि यंदा काकू एकट्या उरल्या. पेढी आता मालकांची मुलगी पाहत असे. तिनं काकूंना महिनाअखेरची मुदत दिली. सांगताना तिनं नजर चुकवली नाही, एवढं काकूंना बरं वाटलं. पण काकांची दृष्टी गेल्यात जमा होती, घर काकूंच्याच पगारावर चालत होतं, आणि बावन्नाव्या वर्षी त्यांना दुसरं कोण दारात उभं करणार होतं?

काकांनी भिंग लावून वर्तमानपत्र वाचून दाखवलं. "राज्यातल्या घाऊक व्यापारात गोदामातली माणसं वाढताहेत म्हणे, टेबलावरची घटताहेत."

"मग उद्यापासून खोकी उचलते."

"तुला भाजीची पिशवी जड होते."

शेवटच्या आठवड्यात काकूंना परत आलेला माल लावायला बसवलं होतं. खोकी रोज वाढत होती, बहुतेक न उघडताच परतलेली. बुधवारी सकाळी त्यांच्यासमोर चारशे पितळी नळ गाडीत चढू लागले. चिठ्ठीवरचा दुकानदार त्यांच्या जुन्या ओळखीचा. वर्षभरातही त्याचे एवढे नळ खपत नसत. काकूंनी फोन लावला.

"नमस्कार. तुमचे प्लास्टिकचे नळ पाठवतेय."

"हो हो, पाठवा, पाठवा."

काकूंनी फोन ठेवला आणि गाडीवाल्याला म्हणाल्या, "उतरवा."

मालकांची मुलगी धावत आली. "अहो काकू, तो हो म्हणाला ना?"

"हो म्हणाला म्हणूनच. पितळी मागवून प्लास्टिकला हो म्हणतो, म्हणजे त्याचं माझ्याकडे लक्ष नाही. मोबाइलकडे तरी कुठलं असणार?"

"आणि यात गाडीला उशीर झाला तर?"

"तर मला काढून टाका. तसंही महिनाअखेरीला काढणारच आहात."

गाडीवाला हसू लपवायला गाडीमागे गेला.

अर्ध्या तासानं फोन वाजला, तो मालकांच्या मुलीनं घेतला. पलीकडे तोच दुकानदार होता. "काकू मघाशी काहीतरी प्लास्टिकचं म्हणत होत्या. नंतर डोक्यात आलं, म्हणून मोबाइल उघडून बघितला. चाळीसवर एक शून्य जास्त पडलंय हो. गाडी निघाली का?"

"नाही," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. मग परत आलेल्या खोक्यांच्या थप्पीकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं नवं काम ठरवलं. नेहमीपेक्षा मोठी ऑर्डर आली, की गाडी भरण्याआधी काकूंनी दुकानदाराला फोन करायचा. पगार तोच, मुदत रद्द.

"मुद्दाम चूक करायची परवानगी लेखी द्या," काकू म्हणाल्या. तीही मिळाली.

घरी काकांनी ते पत्र भिंगातून दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा नुसतंच हातात धरून ठेवलं. काकूंचा जीव भांड्यात पडला होता. चपलाही न काढता त्या खुर्चीत टेकल्या, तोच शिंपीण वाटी घेऊन दारात आली.

"काकू, नोकरी राहिली म्हणे!" ती ओरडून म्हणाली. "आता पहिल्या पगारात कान तपासून घ्या."

काकू उठल्या. "कान माझे ठणठणीत आहेत. लोक ऐकत नाहीत, त्याचाच मला पगार मिळतो. वाटी इकडे दे आणि हळू बोल."